ओळी रिकाम्या सोडू नयेत

तुम्ही आंब्याची फोड पुढे केलीत आणि मी हात मागे घेतला, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. आंबा मला अजूनही आवडतो. पण लेकीच्या वेळी मी गावदेवीला नवस बोलले होते की मूल नीट हाती आलं तर जन्मभर हापूस तोंडाला लावणार नाही. ती माझी आभा आता एकोणतीस वर्षांची आहे आणि इतक्या वर्षांत मी आमरसाच्या वाटीला बोटसुद्धा लावलेलं नाही. नवस कसा बोलावा हे मला सासूबाईंनी शिकवलं होतं. काय मागायचं, बदल्यात काय द्यायचं, कुणी द्यायचं आणि कधीपर्यंत, सगळं नाव घेऊन, सुटंसुटं बोलायचं. "देवीपुढे मोघम बोलू नये गं सुनिता," त्या म्हणायच्या, "मोघम बोललीस तर ती तिच्या मनानं घेते."

तुम्ही या क्लासला नव्या, आजचा तुमचा पहिला दिवस, आणि मॅडम बाजारात गेल्यात, यायला अजून अर्धा तास आहे, म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते. माझ्या शेजारची ही जागा फहमिदाची. ती आज आली नाही. तुम्ही बसा, तिची काही हरकत नसते.

मी इथे जानेवारीत आले. जावई, जीवन, कॅनडात नोकरीला आणि आभा बाळंतपणासाठी माझ्याकडे विचुंब्याला आलेली. आधी दोनदा तिचं पोटातच गेलेलं, त्यामुळे या वेळी सगळे श्वास धरून होते. बाळ चार-पाच महिन्यांचं झालं की तिच्यासोबत मी कॅनडाला जायचं ठरलं होतं, आणि तिकडे दुकानात, दवाखान्यात दोन वाक्यं तरी धड बोलता यावीत म्हणून आमच्या ह्यांनी, म्हणजे विनायकरावांनी, मला मारिया मॅडमच्या या घरच्या क्लासला घातलं. साठी ओलांडलेल्या, शाळेतून निवृत्त झालेल्या, अतिशय मायाळू बाई. सोमवारी वह्या घेतात, शुक्रवारी तपासून देतात, आणि देताना प्रत्येकीच्या हातावर एक पेपरमिंटची गोळी ठेवतात.

फेब्रुवारीत त्यांनी भविष्यकाळ काढला. त्या दिवशी त्या जे म्हणाल्या ते मला फार आवडलं होतं. म्हणाल्या, इंग्रजीत भविष्यकाळासाठी क्रियापदाला स्वतःचं असं रूपच नाही. जे पुढे व्हायचंय ते सांगायला ती भाषा इकडून तिकडून कपडे आणून नेसते. शब्द दिला किंवा आयत्या वेळी मनात आलं की 'विल'. आधीपासून मनात योजलेलं असेल, किंवा लक्षणं डोळ्यांना दिसू लागली असतील, आभाळ भरून आलंय, बाई अवघडलीय, तर 'गोइंग टू'. तिकिटं काढून झाली, माणसांना कळवून झालं की सरळ चालू वर्तमानकाळ. मोरा बंदरातून मुंबईला जाणारी लाँच सुटण्याची वेळ सांगायची असेल तर साधा वर्तमानकाळ. आणि अगदी उंबऱ्यावर येऊन उभं राहिलेलं असेल तर 'अबाउट टू'. मी मनात म्हटलं, म्हणजे आमचे नवस सगळे 'विल'मधले.

फहमिदा लगेच म्हणाली, "मॅडम, आम्हाला एवढे प्रकार लागतच नाहीत. आम्ही प्रत्येक वाक्याच्या शेवटी इन्शाअल्लाह लावतो, झालं काम."

"फहमिदा, त्याला मी मार्क कुठल्या काळाचे देऊ?" मॅडम म्हणाल्या, आणि सगळा वर्ग हसला.

फहमिदा मूळची मोऱ्याची, नवरा ताहेर कतारला, सासर पनवेलमध्ये. चौतीस-पस्तिशीची असेल. पहिल्या दिवशी माझा उपास आहे हे कळल्यावर पुढच्या वेळी डब्यात भाजलेले शेंगदाणे घेऊन आली आणि म्हणाली, "ताई, हे चालतं ना तुमच्या देवाला? का यालापण नवस लागतो?" अशी चेष्टा ती रोज करायची, आणि माझ्या आभाची चौकशी केल्याशिवाय एक दिवस गेला नाही तिचा.

मॅडमनी सांगितलं होतं, घरच्या, ओळखीच्या माणसांवर वाक्यं लिहा, म्हणजे डोक्यात राहतात. दर आठवड्याला दहा. मी पहिल्याच खेपेला नीट आखून, एका ओळीवर एक अशी दहा वाक्यं लिहिली. शुक्रवारी वही आली तेव्हा नऊ वाक्यांपुढे बरोबरच्या खुणा होत्या, सहाव्या ओळीपुढे काहीच नव्हतं, आणि खाली लाल शाईत बारीक अक्षरात लिहिलं होतं की ओळी रिकाम्या सोडू नयेत.

मी तर ओळ सोडली नव्हती. सहाव्या ओळीवर माझ्याच हातचं ठसठशीत वाक्य होतं: आमच्या बिल्डिंगचा वॉचमन काळूराम शिमग्याला गावी जाणार आहे. मी ते ह्यांना दाखवलं.

"तुझ्या मॅडमना सांग, पनवेलला मोतीबिंदूचं शिबिर असतं," हे म्हणाले आणि पेपर पुन्हा तोंडापुढे धरला.

पुढच्या बुधवारी सकाळी काळूराम पाण्याची टाकी भरली का ते बघायला गच्चीवर गेला आणि तिथेच, टाकीला पाठ लावून, बसल्या जागी गेला. हार्ट अटॅक, म्हणाले. त्याच्या केबिनमध्ये शिमग्यासाठी बांधून ठेवलेली पिशवी होती, नातवंडांच्या पिचकाऱ्या बाहेर डोकावत होत्या. मला फार वाईट वाटलं, पण वहीची आठवण झाली नाही, हे मी अगदी खरं सांगते.

आठवण झाली ती जास्मीनमुळे. ती बघा, खिडकीशी बसते ती, कळंबोलीची. एका शुक्रवारी ती कुरकुरत होती की डॅडी आपल्याकडे कळंबोलीला राहायला येणार म्हणून मी त्यांच्यावर चार वाक्यं लिहिली, आणि मॅडम म्हणतात चार ओळी कोऱ्या का सोडल्यास. मी तिची वही ओढून पाहिली. चारही वाक्यं होती. निळ्या शाईत, सुरेख वळणाची. त्यानंतरचे दोन आठवडे जास्मीन क्लासला आली नाही. आली तेव्हा तिच्या डॅडींना पुरून, त्यांच्यासाठीची चर्चमधली मासची प्रार्थनाही होऊन गेली होती.

त्या दिवसापासून माझं शिकण्यावरचं लक्ष उडालं आणि मी मॅडमवर डोळा ठेवू लागले. देवाधर्माच्या बाईनं कुणाबद्दल असं मनात आणू नये, पण आलं. ही बाई काही करते का? का हिला काही कळतं आणि ही सांगत नाही? त्यांच्या या घरात भिंतीवर येशूची तसबीर, तिच्याखाली निरांजनासारखा छोटा दिवा, कोपऱ्यात तुळस. घाबरावं असं त्या घरात काही नव्हतं, आणि त्याचाच मला जास्त संशय यायला लागला. गोळी हातावर ठेवताना त्यांच्या डोळ्यांत बघायची मी. कुणाला दोन गोळ्या देतात का, कुणाच्या डोक्यावरून हात फिरवतात का, तेही बघायची. त्यांनी दिलेली गोळी मी तोंडात टाकेनाशी झाले. पदराच्या गाठीला बांधून घरी न्यायची आणि तुळशीत पुरायची.

एकदा मी मुद्दाम तासभर आधी आले. दार लोटलेलं होतं आणि मॅडम टेबलाशी वह्या तपासत होत्या. मी फटीतून पाहत राहिले. पेन एकेका ओळीवरून खाली यायचं, थांबायचं, खूण करायचं. एका वहीत मात्र, जिन्याची एक पायरी तुटलेली असली की सवयीचा पाय जसा न बघता ती ओलांडतो, तसं ते पेन एक ओळ ओलांडून खालच्या ओळीवर गेलं. मॅडमच्या चेहऱ्यावर काहीसुद्धा नव्हतं. उलट त्या एक भजन गुणगुणत होत्या.

मी आत गेले, माझी जुनी वही उघडली, आणि काळूरामच्या वाक्याखाली बोट ठेवलं. "मॅडम, इथे काय लिहिलंय?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "इथे? काहीच नाही, सुनिताताई. ही तुम्ही सोडलेली ओळ." मग माझ्याकडे बघून काळजीनं म्हणाल्या, "तुमची तब्येत बरी आहे ना? घरी लेक अवघडलेली, धावपळ होत असेल."

तेव्हा माझा त्यांच्यावरचा संशय गेला. पण तो गेल्यावर जे उरलं ते जास्त वाईट होतं, कारण आता मला कुणावर डोळा ठेवायचा तेच कळेना.

आभाबद्दल मी तोवर एकही वाक्य लिहिलं नव्हतं. हात धजायचा नाही. पण मार्चच्या शेवटी मॅडमनी गृहपाठच असा दिला की एकच गोष्ट पाचही प्रकारांनी लिहून आणा, आणि घरात त्या वेळी दुसरी गोष्टच नव्हती. देवापुढे वही ठेवली, नमस्कार केला आणि लिहिलं. आभा बाळाला घेऊन घरी येईल. आभा बाळाला घेऊन घरी येणार आहे, तयारी झालीय. नर्सिंग होममध्ये खोली सांगून ठेवलीय, आभा घरी येतेय. असं करत पाच. विलपासून अबाउट टूपर्यंत.

शुक्रवारी वही हातात आली. मॅडमनी गोळी दिली, हसल्या. पान उघडायला मला संध्याकाळ झाली. पाचही ओळी तशाच होत्या. एकही खूण नाही. खाली लाल शाईत, नेहमीच्याच बारीक अक्षरात: हे पान राहून गेलं वाटतं.

आभा समोर सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती, संत्रं सोलत होती. "आई, नापास केलं का तुला?" तिनं विचारलं.

"नाही गं," मी म्हटलं. "अक्षर सुधारा म्हणतात."

पुढच्या सोमवारी मी तेच पान पुन्हा लिहिलं, काळ्या शाईत, मोठ्या अक्षरात. पुन्हा तेच झालं. हे म्हणाले, तू क्लास बंद कर. मी डॉक्टरांकडे आभाच्या सगळ्या तपासण्या पुन्हा करवल्या. सगळं उत्तम, म्हणाल्या, आई उगाच घाबरतात. त्या दिवशी भर दुपारी, आभा झोपलेली असताना, मी नारळ घेऊन गावदेवीच्या देवळात गेले. पुजारी जेवायला गेला होता. देवळात कुणी नव्हतं. इतक्या वर्षांत कितीतरी नवस बोलले मी, सगळे सासूबाईंनी शिकवल्यासारखे, नाव घेऊन. पण त्या दुपारी तोंडून नीट शब्दच फुटेनात. काय देऊ? आंबा तर देऊन झालेला. सोनं, ओटी, अनवाणी चालणं, हे सगळं मला पोरीच्या जिवापुढे इतकं हलकं वाटलं की बोलायची लाज वाटली. मी फक्त एवढंच म्हणाले, "आई, आभाचं नीट होऊ दे. तुला जे हवं ते घे."

बोलून गेल्यावर लक्षात आलं. सासूबाईंचा आवाजच आला कानात. पण नारळ वाढवून झाला होता, आणि आत अगदी पांढरास्वच्छ निघाला होता.

सोमवारी तेच पान तिसऱ्यांदा लिहून दिलं, आणि त्या शुक्रवारी आभाच्या पाचही ओळींपुढे खुणा होत्या. शेवटी मॅडमनी 'फार छान' लिहिलं होतं. मी ते पान डोळ्यांना लावलं.

एप्रिलच्या मध्यात आभा बाळंत झाली. सोपं गेलं नाही. रक्त थांबेना, डॉक्टरांनी ह्यांना बाहेर बोलावून कागदावर सही घेतली. मी बाकावर बसून होते आणि, सांगायला चमत्कारिक वाटतं, मला भीती वाटत नव्हती. खुणा मी पाहिल्या होत्या. तासाभरानं नर्सनं मुलगी झाल्याचं सांगितलं, आणि आठव्या दिवशी आभा बाळाला घेऊन घरी आली. बाराव्या दिवसाआधी भेटायला आलेली बाहेरची पहिली बाई म्हणजे फहमिदा. मोऱ्याहून सोडे, म्हणजे सुकी कोळंबी, घेऊन आली, बाळंतिणीला चांगली म्हणून. बाळाला मांडीवर घेऊन तिच्या कपाळावर फुंकर घातली, पुटपुटली काहीतरी, आणि म्हणाली, "ताई, माझी दुवा आणि तुमचा नवस, दोन्ही लावलेत हिला. आता ही कलेक्टरच होणार. विल का गोइंग टू, ते मॅडमना विचारा."

मी बर्फी घेऊन क्लासला आले तो शुक्रवार. सगळ्यांच्या वह्या वाटून झाल्या. फहमिदानं आपली उघडली आणि हसायला लागली. "बघा, मॅडमनी मला काय लिहिलंय. म्हणे, कोरी वही देऊ नये."

दहा वाक्यं होती तिची. दहाही तिच्यावर. ताहेर बकरी ईदला येतोय, त्याला आणायला ती मोऱ्याहून लाँचनं मुंबईला जाणार आहे. तिची लाँच सकाळी नऊला सुटते. ती हिरवा ड्रेस घालणार आहे. ती त्याच्याशी इंग्रजीत बोलणार आहे, त्याला चकित करणार आहे. प्रत्येक वाक्यात ती होती, त्यामुळे प्रत्येक ओळ मॅडमना कोरी.

ती वही घेऊन मॅडमकडे गेली. मॅडमनी पानं पुढे-मागे केली आणि तिच्या गालाला हात लावून म्हणाल्या, "अगं, रागावले नाही मी. पण काहीतरी लिहीत जा."

फहमिदा परत येऊन माझ्या शेजारी बसली. "म्हातारी झाली बिचारी," ती हळूच म्हणाली, आणि बर्फीचा अर्धा तुकडा मोडून माझ्या हातात दिला.

मी त्याच दिवशी देवळात गेले. या वेळी सगळं शुद्धीवर राहून बोलले, अगदी सासूबाईंना पसंत पडेल असं. माझं नाव, गाव, कूळ घेतलं. म्हटलं, माझी चूक झाली, तिचं नको, माझं घे. नारळ वाढवला. सोमवारी मी माझ्यावर दहा वाक्यं लिहिली. मी कॅनडाला जाणार आहे, मी तिथे बर्फ बघेन, मी नातीला न्हाऊमाखू घालेन. शुक्रवारी दहाच्या दहा बरोबर. फहमिदाची वही कोरी. मग मी माझ्या डाव्या डोळ्याचं नाव घेऊन बोलले. मग ह्यांच्या आणि माझ्या सोबतीची जी वर्षं उरली असतील, त्यांतली अर्धी बोलले. सगळं नाव घेऊन, सुटंसुटं. मॅडमच्या खुणा माझ्या वाक्यांपुढे तशाच लालभडक. देवीला माझं काही नको आहे. ती सुट्या शब्दांतलं काही ऐकतच नाही आता. एकदा मोघम मिळालं तिला.

आभाला काही सांगितलं नाही. ती बाळाला पाजत असते, मी बघत बसते. देवीच्या मनात असतं तर हे दिसलं नसतं, असं म्हणते आणि हात जोडते. आणि मग फहमिदाचा फोन येतो, "ताई, टाळूवर तेल जास्त घालू नका हां, उन्हाळाय."

परवा बुधवारी ती माहेरी मोऱ्याला जातेय. तयारी करायचीय म्हणून आज आली नाही. वही माझ्याकडे दिलीय मॅडमना द्यायला. ही बघा. तुम्ही एकदा बघून सांगा मला, पहिल्या ओळीवर काय दिसतंय? वाचा ना. थोडं मोठ्यानं.

हो, हिरवा ड्रेस. दिसतंय तुम्हाला. देवीची कृपा. मलाही काल रात्रीपर्यंत दिसत होतं.

म्हणजे वेळ आहे अजून. मला आशा आहे, मी आशा सोडणारी बाई नाही. म्हणूनच मघाशी तुम्ही रोडपालीहून येता असं म्हणालात तेव्हा माझ्या जिवात जीव आला. रोडपालीत मी कुणालाच ओळखत नाही. तुमच्या घरी कोण कोण असतं, शेजारी कोण राहतं, तुम्ही रोज कुणाजवळ बसता, मला यातलं काही माहीत नाही, आणि तुम्ही सांगूही नका. क्लास सुटल्यावर फक्त पाच मिनिटं माझ्याबरोबर देवळापर्यंत चला. नारळ मी आणलाय. फहमिदाचं नीट होऊ दे, एवढं म्हणा, आणि पुढचं मी म्हणाले होते तसंच म्हणा. त्यात कुणाचं नाव घेऊ नका. मीही घेतलं नव्हतं.